अर्काने पेशी मेल्या. पण मारणारा कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आंबोलीच्या बाजूने आणलेल्या एका झाडाच्या सालीचा मिथेनॉल अर्क एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर लावला, एमटीटी चाचणीत (रंगावरून जिवंत पेशी मोजणारी) आयसी-५०, म्हणजे तो मोजलेला आकडा निम्म्यावर आणणारी मात्रा, आला ४५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि मार्गदर्शक म्हणाले, आता यातलं संयुग वेगळं करा. तर कॉलम (अर्कातली द्रव्यं वेगवेगळी करणारी, सिलिका भरलेली नळी) कसा लावायचा, आणि 'कर्करोगविरोधी' असं लिहायला आणखी कोणत्या चाचण्या लागतील? झाडाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, ते शहाणपणाचं केलंत.

मी तीसेक वर्षं हेच काम केलं. त्या अनुभवावर पहिली गोष्ट सांगतो, ती ऐकून थोडी निराशा होईल: पेशी मारणं सोपं आहे. बशीतल्या पेशी साबणाने मरतात, रिठ्याने मरतात, अर्क विरघळवायचा डीएमएसओ हा द्रव जास्त झाला तर त्यानेही मरतात. आपल्या जंगलातली निम्मी झाडं वाळवून, मिथेनॉलात भिजवून पुरेशा मात्रेत लावली तर काही ना काही आकडा येईलच. खरं काम त्यानंतरचं. बाटलीत नेमकं काय आहे, ते आधीच कुणाला सापडलेलं आहे का, आणि पेशी मेल्या त्या त्याच्यामुळेच का, एवढ्या तीन प्रश्नांत सगळी पीएचडी जाते.

उदाहरणाला मी नरक्या घेतो. तुमच्याच डोंगरातलं झाड आहे, आणि याची गोष्ट शेवटपर्यंत माहीत आहे. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या जंगलात हे लहानसं झाड वाढतं, साल सोलली किंवा पानं चुरगळली की घाण वास येतो, म्हणून काही ठिकाणी घाणेराही म्हणतात. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या लेखांत मॅपिया फीटिडा या नावाने सापडेल. यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असतं, ज्यापासून पुढे कर्करोगाची औषधं बनली ते. ते पहिल्यांदा मिळालं मात्र चीनमधल्या कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा या झाडातून, १९६६ साली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. काम मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांचं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७१ साली टॅक्सॉल या कर्करोगाच्या औषधाची रचनाही याच जोडीने मांडली. खानदेशातल्या मुलांना मी हे आवर्जून सांगत आलो. नरक्यात तेच द्रव्य असल्याचं दाखवलं ते गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी, १९७२ साली. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते.

आता तुमच्या ४५ या आकड्याकडे येऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची जुनी ढोबळ सीमा सगळे वापरतात: कच्च्या अर्काचा आकडा २० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा खाली असेल आणि शुद्ध संयुगाचा ४ च्या खाली असेल, तर पुढे जायला अर्थ. त्या हिशेबाने ४५ हा आकडा काठावरचाही नाही. पण एवढ्यावरून झाड टाकून देऊ नका, कारण कच्च्या अर्कात कामाचा पदार्थ किती टक्के आहे यावर सगळं अवलंबून असतं. समजा सालीत कामाचं द्रव्य ०.१ टक्का आहे आणि मिथेनॉलमध्ये सालीच्या १० टक्के वजन उतरतं. म्हणजे अर्कात ते १ टक्का झालं. मग अर्काचा आयसी-५० ४५ असेल तर त्या द्रव्याचा ०.४५ च्या आसपास असायला हवा, आणि तो उत्तमच म्हणायचा. उलट अर्काचा ३० टक्के भाग टॅनिन असेल आणि तेच पेशी मारत असेल, तर हाती राहील १३-१४ मायक्रोग्रॅमचं टॅनिन. त्याचं लोणचं घालायचं.

म्हणून कॉलमच्या आधी दोन दिवस चाचणीवर घालवा. एमटीटीमध्ये जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मझान करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला रंग मोजतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण वनस्पतीतली पॉलिफेनॉल हे काम पेशींशिवायही करतात. बिनपेशींच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या खळग्यात, नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून ठेवा. तासा-दोन तासांत जांभळं झालं तर तुमचे सगळे आकडे संशयात गेले. अशा वेळी पेशी मेलेल्या असूनही जिवंत दिसतात, म्हणजे चांगला अर्क हातून सुटू शकतो. दुसरी खोड अशी की गॅलिक आम्लासारखी द्रव्यं पेशींच्या माध्यमात विरघळली की आपोआप हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने, आणि श्रेय घेतं झाड. माध्यमात कॅटॅलेज हे पेरॉक्साइड मोडणारं विकर घालून चाचणी पुन्हा करा. मारकपणा गेला तर समजा की तुम्ही केसांचं ब्लीच मोजत होता.

शक्य असेल तर एमटीटी सोडून एसआरबी (सल्फोरोडामाइन-बी या रंगाची चाचणी) करा. यात पेशी ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने जागच्या जागी बसवायच्या, रंग लावायचा, १ टक्का अॅसेटिक आम्लाने धुवायचं आणि उरलेल्या प्रथिनाला चिकटलेला रंग मोजायचा. अर्काचा हिरवा-तपकिरी रंग बराचसा धुण्यात निघून जातो. खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रामध्ये याच पद्धतीने नमुने तपासून मिळतात. बाहेरून तपासून घ्यायचं असेल तर तिथे विचारा. त्या अहवालात आयसी-५० दिसणार नाही. तिथे जीआय-५०, टीजीआय आणि एलसी-५० असे तीन आकडे येतात, आणि ते जास्त प्रामाणिक आहेत. पहिला वाढ निम्मी झाली ती मात्रा सांगतो, दुसरा वाढ पूर्ण थांबली ती, आणि तिसरा सुरुवातीला होत्या त्यातल्या निम्म्या पेशी खरोखर मेल्या ती. 'पेशी मेल्या' असं तुम्ही लिहिलंय, पण तुमच्या चाचणीत कदाचित त्या फक्त वाढायच्या थांबल्या असतील. शून्य तासाची प्लेट, म्हणजे अर्क लावतानाच पेशी किती होत्या ते मोजणारी, ठेवली नसेल तर हे कळायला मार्गच नाही.

पेशी कुठून आणल्या तेही लिहिलं नाहीत. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क मागून आणला असेल तर ती सवय आजच मोडा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून रीतसर मागवा. हातोहात फिरलेल्या पेशींत मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग असतो आणि कधी कधी त्या पेशी भलत्याच निघतात. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशींवर लोकांनी वर्षानुवर्षं स्तनकर्करोग म्हणून काम केलं. त्या त्वचेच्या मेलॅनोमाच्या निघाल्या. 'चँग लिव्हर' म्हणून निरोगी यकृताच्या पेशी समजून कित्येकांनी वापरल्या, त्या प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. एमसीएफ-७ बद्दलही एक कानमंत्र देतो. या पेशींत कॅस्पेज-३, म्हणजे पेशीचा ठरवून मृत्यू घडवणारं एक विकर, नसतो, त्याचं जनुकच तुटलेलं आहे. त्यामुळे ठरावीक डीएनए-शिडी (मरणाऱ्या पेशींतले डीएनएचे तुकडे जेलवर पायऱ्यांसारखे दिसतात ती) पाहायची हौस असेल तर या पेशींत ती नीट दिसणार नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने त्या शिडीसाठी सहा जेल फुकट घालवली होती. सातव्या जेलआधी मी वाचायला बसलो, तेव्हा आम्हा दोघांना हे कळलं.

बाकी चाचणीची पथ्यं पटकन सांगतो. डीएमएसओ ०.१ टक्का असेल तर उत्तम, ०.५ च्या वर कधीच नको, आणि तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, तिथे नमुने लावू नका, नुसतं बफर भरा. एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या फेरीच्या) पेशींवर तीनदा करा. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध तुलनेसाठी प्रत्येक प्लेटवर हवंच. त्याचा आकडा दर वेळी हलत असेल तर दोष तुमच्या हाताचा आहे, अर्काला बोल लावू नका. आणि कर्करोगाच्या एकाच प्रकारच्या पेशींवर मारक, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. जोडीला कर्करोगी नसलेल्या पेशी हव्यात. लोक हेक-२९३ किंवा व्हेरो वापरून 'निरोगी पेशींना अपाय नाही' असं लिहून मोकळे होतात. पण हेक-२९३ विषाणूच्या जनुकांनी अमर केलेली, आणि व्हेरो तर माकडाच्या मूत्रपिंडाची! स्तनासाठी एमसीएफ-१०ए घ्या, किंवा रक्तातल्या ताज्या लिम्फोसाइट. तेवढं जमत नसेल तर निदान तुलना कशाशी केली ते स्पष्ट लिहा.

आता झाडाकडे. झाड ओळखून घेतलंत का? गावातल्या वैदूने नाव सांगितलं, आपण गूगलवर फोटो ताडून पाहिला, एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. फुलाफळासह फांदी दाबून वाळवा आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, मुंबईत असाल तर सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावच्या हद्दीतून, झाडाचा कोणता भाग, हे त्याच दिवशी वहीत लिहा. जंगलातून आणलं असेल तर वनखात्याची परवानगी हवी. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. पेटंट घ्यायचं किंवा नमुना परदेशी पाठवायचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. काम झाल्यावर वाचून उपयोग नसतो.

आणि मुळं खणू नका. नरक्याचं तेच झालं. कॅम्प्टोथेसिनला मागणी आली तशी झाडं बुंध्यापासून तुटू लागली, मुळासकट निघाली, आणि चोरटी तोड अजून होते. कामाचं द्रव्य पानात, डहाळीत किंवा फळात थोडं कमी असेल तरी आधी तिथे शोधा. पानं पुन्हा फुटतात.

साल सावलीत वाळवा, भट्टीत टाकायची असेल तर ४० अंशांच्या वर नको. भरड दळा, पिठासारखी वस्त्रगाळ केलीत तर गाळताना कागद चोंदतो आणि दिवस जातो. किती घ्यायची? इथे सगळे चुकतात, म्हणून हिशेब उलटा करा. रेणूची रचना ठरवायला एनएमआरचे (चुंबकीय क्षेत्रात रेणूतले अणू ओळखणारे) सगळे प्रयोग करायचे तर ५ ते १० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य लागतं. चाचण्यांना आणखी ५, आणि पुढेमागे कुणी विचारलं तर जपून ठेवायला थोडं. म्हणजे हातात २५ मिलिग्रॅम हवेत. द्रव्य सालीत ०.०१ टक्का असेल तर एका किलोत १०० मिलिग्रॅम, आणि पहिल्या वेळी निम्म्याहून जास्त वाया जातं. तेव्हा किमान एक किलो कोरडी साल. बहुतेक विद्यार्थी १०० ग्रॅमपासून सुरुवात करतात आणि आठ महिन्यांनी २ मिलिग्रॅमचा पिवळट डाग घेऊन माझ्याकडे येत.

मिथेनॉलमध्ये तीनदा भिजवा, रोटरीवर आटवा, मग पाण्यात कालवून क्रमाने हेक्झेन, एथिल अॅसिटेट आणि एन-ब्युटेनॉल यांच्यासोबत विभक्तकाच्या नरसाळ्यात हलवा. हेक्झेनमध्ये मेण, तेल, स्टेरॉल जातात. एथिल अॅसिटेटमध्ये मधल्या ध्रुवीयतेची मंडळी. ब्युटेनॉलमध्ये ग्लायकोसाइड (साखर जोडलेली द्रव्यं) आणि सॅपोनिन (साबणासारखा फेस देणारी). खाली पाण्यात साखर आणि टॅनिन राहतं. चारही भाग वाळवून वजन करा आणि चारही भागांची पेशींवर चाचणी करा. पाण्याचाही, कंटाळा करू नका. मारकपणा ब्युटेनॉलमध्येच एकवटला असेल तर आधी सॅपोनिनचा संशय घ्या. परीक्षानळीत थोडं पाणी घालून हलवा, फेस टिकतो का बघा. मग तांबड्या रक्तपेशींवर लावा. त्या फुटल्या तर हे द्रव्य पेशींचं आवरणच फोडतंय, आणि असल्या द्रव्याला कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी सारखीच.

इथे नरक्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजन असलेलं, बहुधा आम्लारी द्रव्य) म्हटलं की आपण सवयीने आम्लात ओढतो, मग अमोनिया घालून क्लोरोफॉर्ममध्ये परत घेतो. कॅम्प्टोथेसिन या सापळ्यात येत नाही, कारण त्यात नायट्रोजन दोन असले तरी ते आम्लारी म्हणून जवळजवळ वागतच नाही. ड्रॅगनडॉर्फच्या फवाऱ्याचा नारिंगी डाग पाहून अल्कलॉइड शोधणाऱ्याच्या हातून ते सहज निसटलं असतं. वॉल आणि वाणी यांनी रासायनिक डागांच्या मागे न लागता प्रत्येक पायरीवर ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर चाचणी केली. जो भाग उंदरांना जगवत होता तोच पुढे नेला, म्हणून ते सापडलं. चाचणीच्या बोटाला धरून चालणं म्हणतात ते हेच. तुमच्याकडे उंदीर नाहीत, पेशी आहेत, पण तत्त्व तेच.

मग ते वेगळं कसं करतात? त्याच्यात एक लॅक्टोन वलय आहे. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते वलय उघडतं, मीठ बनतं आणि पाण्यात उतरतं. नको असलेली मंडळी क्लोरोफॉर्मने धुऊन काढायची, मग आम्ल घालायचं. वलय बंद होतं, आणि फिकट पिवळा साका खाली बसतो. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली त्याचा डाग निळाशार चमकतो. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास फोन काढतो. त्याच्या अगदी शेजारी ९-मिथॉक्सी कॅम्प्टोथेसिन असतं. एकच डाग दिसला म्हणून शुद्ध मानू नका, दुसऱ्या विद्रावकात टीएलसी (पातळ थराच्या पट्टीवर द्रव्यं वेगळी करायची चाचणी) पुन्हा चालवा. मासमध्ये, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, पहिल्याचं प्रोटॉनसकट वजन ३४९, दुसऱ्याचं ३७९.

तुमच्या अर्काला असली पळवाट असेलच असं नाही, तेव्हा कॉलम अटळ. कॉलमचं काम पुस्तकात एका पानाचं आहे, पण हाताला बसायला वर्ष लागतं. आधी टीएलसीवर विद्रावक ठरवा, हवा तो डाग ०.२ ते ०.३ आरएफवर (विद्रावक चढला त्याच्या तेवढ्या पट उंचीवर) आला पाहिजे. सिलिका नमुन्याच्या तीस ते पन्नासपट घ्या. ढोबळ कॉलमला ६०-१२० मेशची चालते, शेवटच्या शुद्धीला २३०-४०० ची. नमुना थोड्या सिलिकावर सुकवून कोरडाच वर टाका. कॉलम एकदा सुरू केला की कोरडा पडू देऊ नका आणि शनिवारी दुपारी सुरू करू नका. क्लोरोफिल फार असेल किंवा टॅनिनचा लगदा असेल तर सेफाडेक्स एलएच-२० वर मिथेनॉलने एक फेरी मारा. महाग आहे, पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतं. शेवटची शुद्धी सी-१८ च्या एचपीएलसीवर.

प्रत्येक टप्प्यावर वजनाचा आणि मारकपणाचा जमाखर्च ठेवा. वजन ८० टक्के परत आलं आणि मारकपणा कुठेच नाही, असं झालं तर तीन शक्यता: द्रव्य सिलिकाच्या आम्लपणाने मोडलं, ते तिथेच चिकटून राहिलं, किंवा दोन द्रव्यं मिळून काम करत होती आणि तुम्ही त्यांची ताटातूट केली. तिसरी शक्यता लोकांना फार आवडते. पण बाकीच्या दोन खोडून काढल्याशिवाय तिला हात लावू नका. सगळे फ्रॅक्शन, म्हणजे कॉलममधून निघालेले भाग, परत एकत्र करून मारकपणा परत येतो का, एवढं तरी बघा.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती याच टप्प्यावर झाली. एका झुडपाच्या एथिल अॅसिटेट भागातून चार महिन्यांच्या खटपटीनंतर रंगहीन तेल मिळालं, टीएलसीवर एकच डाग, वजनही भरपूर. एनएमआर आला. ७.७ आणि ७.५ वर सुगंधी वलयाचे दोन जुळे गट, ४.२ वर ऑक्सिजनला चिकटलेलं सीएच-टू, बाकी सगळी चरबी. मासमध्ये १४९ चं टोक उंच. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठांनी कागद पाहिला आणि विचारलं, "विद्रावक कसल्या डब्यातून येतो तुमच्याकडे?" ते तेल म्हणजे थॅलेट होतं, प्लास्टिक मऊ ठेवायला घालतात ते. झाडाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक विद्रावक काचेच्या भट्टीतून पुन्हा ऊर्ध्वपातित व्हायचा, आणि दर महिन्याला अर्धा लिटर नुसता विद्रावक आटवून तळाला काय राहतं ते बघितलं जायचं. थॅलेटला वनस्पतीतलं नवं द्रव्य समजून छापलेले लेख आजही वाचायला मिळतात. वाचताना हसू नका, आपणही त्याच रांगेत असतो.

थॅलेटनंतरची निराशा म्हणजे सिटोस्टेरॉल. पांढऱ्या सुया दिसल्या की आनंदाने उड्या माराल. अॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवा. जांभळा डाग आला, वितळबिंदू १३६ ते १४० मध्ये आला, तर तो बीटा-सिटोस्टेरॉल असण्याची शक्यता दाट. तो जवळजवळ प्रत्येक झाडात असतो, तुमच्या जेवणातल्या तेलातही. म्हणून म्हणतो, कॉलम लावायच्या आधी अर्काचा एलसी-मास काढून घ्या आणि त्या वनस्पतीच्या कुळावर आजवर काय छापून आलंय त्याच्याशी वस्तुमानं ताडून पाहा. दोन दिवसांचं काम आहे आणि दोन वर्षं वाचतात. मारक द्रव्य ओळखीचं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. नव्या झाडात जुनं मौल्यवान द्रव्य सापडणं हाही शोधच. गोविंदाचारींनी नरक्यात केलं ते नेमकं हेच.

शुद्ध द्रव्य मिळालं, रचना ठरली, आकडा चांगला आला. आता ते कसं मारतं? इथे घाई होते. अॅनेक्सिन व्हीचे (मरणाऱ्या पेशी रंगवणारं प्रथिन) रंगीत चित्र आणि एक डॉकिंग (संगणकावर द्रव्य प्रथिनात बसवून पाहणं) जोडून 'यंत्रणा उलगडली' असं लिहितात. डॉकिंगला माझा विरोध नाही, पण संगणकाला विचारलं तर तो प्रत्येक द्रव्य कुठल्या ना कुठल्या प्रथिनात बसवून देतो. कॅम्प्टोथेसिनची यंत्रणा कळायला १९६६ पासून १९८५ उजाडलं. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापतं, पीळ सुटला की पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या अवस्थेतच मध्ये घुसून बसतं, जोडणी होऊ देत नाही. त्याच वेळी डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की दोन्ही धागे तुटतात. म्हणून पेशी नक्कल करण्याच्या एस टप्प्यात असतानाच ते जास्त मारक. यावरून एक गमतीचा प्रश्न पडतो: मग ते झाड स्वतः कसं जगतं? चिनी झाडाच्या त्या विकरात एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ७२२ व्या जागी अॅस्पराजिनऐवजी सेरिन. आणि औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या ल्युकेमियाच्या पेशींतही नेमका हाच बदल सापडलेला आहे.

तुमच्या पातळीवर करण्यासारखं म्हणजे फ्लो सायटोमीटरवर पेशी कोणत्या टप्प्यात अडकतात ते बघा, पार्प (पेशी ठरवून मरताना तुटणारं एक प्रथिन) तुटतो का ते वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं ओळखायच्या चाचणीत, बघा. कशावर संशय असेल त्या शुद्ध विकरावर थेट चाचणी करा. टोपोआयसोमरेजसाठी पीळ असलेलं प्लास्मिड (डीएनएचं लहान कडं) आणि एक अॅगारोज जेल पुरतं.

'कर्करोगविरोधी' शब्दाचा तुमचा प्रश्न राहिला. बशीतल्या पेशींवर काम केलंत तर 'पेशीमारक' लिहा. उंदरात गाठ कमी झाली तर 'गाठविरोधी'. माणसात उपयोग झाला तर 'कर्करोगविरोधी'. हे शब्दांचे चोचले नाहीत, यातल्या प्रत्येक पायरीवर चांगली चांगली द्रव्यं गळतात. कॅम्प्टोथेसिनचंच बघा. पाण्यात विरघळत नाही म्हणून १९७० च्या सुरुवातीला त्याचं सोडियम मीठ रुग्णांना दिलं. म्हणजे आपण फ्लास्कमध्ये वेगळं करायला वापरतो तेच उघडलेलं वलय. उघडं वलय औषध म्हणून दुबळं. त्यात रक्तातलं अल्ब्युमिन उघड्या रूपालाच धरून ठेवतं. आणि मूत्राशयातल्या आम्लात वलय पुन्हा बंद होतं, तिथे अस्तर भाजून रक्त जायला लागतं. उपयोग कमी आणि त्रास फार, म्हणून त्या चाचण्या थांबल्या. त्यानंतर वलय बंद ठेवून पाण्यात विरघळणारी दोन रूपं तयार झाली, टोपोटेकान आणि इरिनोटेकान. अमेरिकेत दोघांनाही मान्यता १९९६ साली मिळाली. शोधापासून मोजलं तर ३० वर्षं. जपानमध्ये इरिनोटेकान दोन वर्षं आधी बाजारात आलं होतं. इरिनोटेकान घेणाऱ्या काही रुग्णांना भयंकर जुलाब होतात, याचं एक कारण म्हणजे त्यांच्या यकृतातलं यूजीटी१ए१ हे विकर मंद असतं आणि औषधाचं मारक रूप वेळेत बाहेर जात नाही.

उलट उदाहरण हळदीतल्या कर्क्युमिनचं. बशीत ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत चमकतं. ते स्वतः प्रकाशतं, माध्यमात मोडतं, प्रथिनांना अंदाधुंद चिकटतं, आणि प्रत्येक वेळी चाचणीला वाटतं की काहीतरी सापडलं. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रातल्या काही जाणकारांनी सगळा हिशेब मांडला: शंभरावर वैद्यकीय चाचण्या होऊनही दुहेरी गुप्त (खरं औषध कुणाला ते रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसलेली), प्लासिबोशी म्हणजे खोट्या गोळीशी तुलना केलेली एकही यशस्वी नाही. तुमच्या द्रव्यात कॅटेकॉल, क्विनोन किंवा कर्क्युमिनसारखी साखळी दिसली तर आधी या खोड्या तपासा.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी रुग्ण असेल तर त्यांच्यासाठी दोन वाक्यं. नरक्याची साल उकळून पिऊ नका, देऊ नका. त्यात किती द्रव्य आहे ते झाडागणिक बदलतं आणि अस्थिमज्जेवर त्याचा परिणाम होतो. चालू उपचारासोबत कुठलाही काढा घ्यायचा असेल तर तो तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना सांगून घ्या, कारण इरिनोटेकानसारख्या औषधांची विल्हेवाट ज्या विकरांनी लागते त्यांत वनस्पती ढवळाढवळ करतात.

तर तुम्ही आता असं करा. कॉलम पंधरा दिवस पुढे ढकला. बिनपेशींच्या वेल, कॅटॅलेज, शून्य तासाची प्लेट आणि चार भागांची वाटणी, एवढं आधी करा. मग पुन्हा लिहा, आणि लिहिताना हे कळवा: साल किती ग्रॅम घेतली, अर्क किती निघाला, चार भागांचं वजन काय, डॉक्सोरुबिसिनचा आकडा तिन्ही वेळा किती आला, आणि विद्रावक कसल्या डब्यातून येतो.